दुभाष्याच्या बायकोची साक्ष

४ नोव्हेंबर

पत्राच्या डोक्यावर तुम्हाला काय म्हणावं याच विचारात दोन कागद फुकट गेले. म्हणून थेट कामाचंच लिहिते.

विद्याखात्याचं पार्सल काल पोचलं. मुलींच्या शाळांसाठी नवा अभ्यासक्रम आणि त्याच्या पुस्तकाच्या वीस प्रती. जूनपासून वरच्या दोन इयत्तांचे अपूर्णांक, त्रैराशिक आणि भूगोल बंद. त्याऐवजी शिवण, घराची स्वच्छता आणि आजाऱ्याची शुश्रूषा. पान तीनवर लिहिलंय, 'मुलींच्या कोवळ्या मेंदूस गणिताचा ताण सोसवत नाही, सबब, त्यांस गृहोपयोगी शिक्षणच हितावह.' मूळ पुस्तक कुणा विलायतेतल्या साहेबाचं आहे. भाषांतरकाराचं नाव कुठेच नाही. पण 'सबब'च्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम देणारा माणूस मला एकच ठाऊक आहे.

मला त्रैराशिक शिकवताना तुम्ही खोलीचं दार लावून घ्यायचात, वन्संना कळू नये म्हणून. तेव्हा माझ्या मेंदूबद्दल काही बोलला नव्हतात. उलट म्हणालात, 'तुला माझ्यापेक्षा लवकर येतं.'

असो. शाळा ठीक चालली आहे. माळा तोच, खाली सुतार तोच. त्याची करवत सुरू झाली की आम्ही पाढे म्हणतो, थांबली की वाचन घेतो. पटावर सेहेचाळीस मुली आहेत. वन्संचे गुडघे दुखतातच. तोंड मात्र ठणठणीत आहे.

शिक्षणाच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेलं कमिशन पुढच्या महिन्यात आपल्या गावी बसणार, हे तुम्हाला तिथे राजधानीत माझ्याआधी कळलं असेल. त्यांचे छापील इंग्रजी प्रश्न मुलांच्या शाळेत आले. आमच्याकडे आले नाहीत. मी हेडमास्तरांकडे चौकशीला गेले तर म्हणाले, "बाई, सत्तर प्रश्न आहेत. त्यात मुलींविषयी चार. तेवढी उत्तरं मी देतो की."

"तुम्ही आमचा जिना कधी चढलायत का?"

"ऐकून आहे," म्हणाले. "बराच उभा आहे म्हणतात."

मला साक्ष द्यायची आहे. अर्ज कुणाच्या नावे करायचा, तेवढं कळवा.

२२ नोव्हेंबर

तुमच्या साडेतीन ओळी मिळाल्या. 'साक्षीच्या फंदात पडू नये. आपलं म्हणणं लेखी पाठवावं. योग्य ते भाषांतर करून सादर करीन.' आणि अर्धी ओळ ही की, 'अजून किती दिवस हट्ट?'

आधी माझी चूक सांगून टाकते. तुम्हाला पत्र टाकायला गेले, त्याच पेटीत त्याच दिवशी अर्जही टाकला. नाव-पत्ता हेडमास्तरांच्या टेबलावरच्या लिफाफ्यावरून घेतला होता. म्हणजे तुम्हाला विचारलं ते नुसतं विचारायचं म्हणून. तुमच्या उत्तराला थांबले असते तर तुमच्या उत्तराप्रमाणे वागावं लागलं असतं.

हट्टाचं म्हणाल, तर तीन वर्षांपूर्वीचंच उत्तर आजही आहे. तुम्हाला भाषांतर कचेरीत जागा मिळाली, तुम्ही म्हणालात, चल. मी म्हटलं, शाळा कोण चालवील? तुम्ही म्हणालात, ती शाळा माझी होती, मी बंद करू शकतो. हे वाक्य तुम्ही विसरला असाल. मी जिना चढताना रोज एकदा विसरायचा प्रयत्न करते.

आता इकडचं. वरच्या इयत्तेत पाच मुली होत्या, आता चार आहेत. गवंड्याची मुलगी गेली. आम्ही तिला शंकाबाई म्हणतो. प्रत्येक उत्तराला तिची एक शंका असतेच. नव्या अभ्यासक्रमाची बातमी बाहेर कुणी नेली ठाऊक नाही, पण परवा गवंडी कामावरून तसाच, हाताला चुना लागलेला, वर आला.

"बाई, शिवण तिची आई शिकवते," म्हणाला. "मी हिला शाळेत घातली ती कशासाठी? एवढ्या लांबीच्या भिंतीला विटा किती, हे ही मला उभ्या उभ्या सांगते. ठेकेदार दहादा कागद खालीवर करतो तोवर हिचं झालेलं असतं. तेच बंद होणार असेल तर ही इथे बसून काय करील?"

मी म्हटलं, "जूनपर्यंत तर चालूच आहे. आणि जूनचंही अजून नक्की नाही."

"नक्की झालं की कळवा," म्हणाला आणि पोरीचा हात धरून घेऊन गेला. ती जिन्यात म्हणत होती, "पण बाबा, जूनला अजून सहा महिने आहेत ना?"

कमिशनचा एकेचाळिसावा प्रश्न वाचलात ना? हेडमास्तर सगळ्यांना सांगत सुटलेत की प्रश्न असा आहे : मुलींना वेगळा अभ्यासक्रम कोणता द्यावा? तो तसा नाही. वेगळा द्यावा की नाही, असं आधी विचारलंय. हा फरक लहान नाही.

मला कसं ठाऊक, ते राहू द्या.

११ डिसेंबर

बोलावणं आलं. अठरा तारखेला, दुपारी, मुलांच्या शाळेच्या मोठ्या खोलीत. साक्षीदारांच्या यादीत माझा नंबर नववा. यादीच्या तळाशी दुभाष्याचं नाव आहे. मी ते तीनदा वाचलं.

तुम्ही ही नेमणूक मागून घेतलीत, की तुमच्या गळ्यात पडली? मागून घेतली असेल तर कशासाठी? मला सांभाळायला की आवरायला? हे प्रश्न घेऊन मी दिवसभर माळ्यावर येरझाऱ्या घालते. काल फळ्यावर सात अठ्ठे चोपन्न लिहिलं. मुली एकमेकींकडे बघत बसल्या, मग एक हळूच म्हणाली, "बाई, तुम्हाला बरं नाही का?" सुताराने खालून विचारलं, वर काय चाललंय, सगळा भुसा हलतोय.

वन्सं तुमच्यासाठी गादी उन्हात घालून बसल्या होत्या. तुम्ही सरकारी बंगल्यात उतरणार असं कळलं तेव्हा त्यांनी गादी आत आणली आणि माझ्यावर डाफरल्या, "माझा भाऊ माझ्याच गावात पाहुणा? तूच काहीतरी लिहिलं असशील."

मी म्हटलं, "लिहिलंय खरं."

"मग खोडून टाक."

तुमच्याकडे एकच मागणं आहे. मी बोलेन ते सांगा, आणि तेवढंच सांगा. माझं वाक्य ओबडधोबड असेल तर ओबडधोबडच जाऊ द्या. तुम्ही कमिशनचे दुभाषे म्हणून येताय. तिथे मी तुमची कुणी नाही.

१९ डिसेंबर

तुम्ही अर्ध्या मैलावर आहात, तरी पत्रच लिहितेय. हे पत्र वन्सं स्वतः बंगल्यावर नेऊन देणार आहेत. गुडघ्यांचं काय म्हटलं तर म्हणाल्या, "आज दुखत नाहीत."

काल तुमच्या तोंडून माझं म्हणणं सगळ्यांनी ऐकलं. आता माझं म्हणणं माझ्याकडून ऐका.

मी आत आले तेव्हा तुम्ही मान वर केली नाहीत, टाकाला शाई लावत होतात. अध्यक्षसाहेब उंच खुर्चीवर, त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सभासद, मागे बाकांवर गावातली मंडळी. मला बसायला मुलांचा बाक दिला. गुडघे टेबलाला लागत होते.

साहेबांनी विचारलं, मुलींचा अभ्यासक्रम वेगळा असावा का? मी म्हटलं, "आज माझ्या शाळेत जी मुलगी त्रैराशिक सोडवते ती मुलांच्या शाळेतल्या मुलांइतकंच बरोबर सोडवते. पुस्तक वेगळं केलंत तर उद्या ती वेगळी होईल. मग तुम्ही म्हणाल, बघा, आम्ही म्हणतच होतो."

तुम्ही उठलात आणि इंग्रजीत सांगितलंत की मुलींच्या बाबतीत खात्याने दाखवलेल्या काळजीबद्दल साक्षीदार आभारी आहे, आणि घरखर्चापुरतं थोडं गणित राहावं अशी तिची विनंती आहे.

ते मी सोडून दिलं. वाटलं, पहिलंच वाक्य आहे, तुम्ही घाबरला असाल.

दुसरा प्रश्न शिक्षिकांबद्दल. मी म्हटलं, "आमच्यासारख्यांना शिकायला पाठवलंच जात नाही आणि मग शिक्षिका मिळत नाहीत अशी तक्रार होते." तुम्ही सांगितलंत, साक्षीदाराच्या मते योग्य शिक्षिका मिळणं कठीण आहे.

तिसऱ्याला मी मुद्दाम एकच लहान वाक्य बोलले. "नवं पुस्तक आम्हाला नको." त्याचं तुम्ही केवढं लांबलचक केलंत! त्यात 'सुधारणा' आली, 'कालांतराने' आलं. 'नको' तेवढं आलं नाही.

तेव्हा मी उभी राहिले. बाकातून उभं राहताना पदर खिळ्याला अडकला, तो सोडवण्यात वेळ गेला, आणि तेवढ्या वेळात मला बसता आलं असतं. नाही बसले. मी इंग्रजीत म्हणाले, "साहेब, मी असं म्हटलं नाही."

तुमच्या हातातला टाक खाली पडला तो आवाज मी ऐकला. मग मी तिन्ही उत्तरं पुन्हा दिली, माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत. क्रियापदं चुकली असतील. 'नको' चुकलं नाही.

साहेबांनी विचारलं, इंग्रजी कुठे शिकलात? मी सांगितलं, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे. मंडळी हसली. तुम्ही हसला नाहीत. तुमचा चेहरा पाहून वाटलं, तुम्ही उत्तराऐवजी वर्षं मोजताय.

तर मोजून देते. दोन वर्षं. शाळा सुटली की त्यांच्या ओसरीवर, त्यांची सून समोर धान्य निवडत असायची. ते आता निवृत्त झालेत, पण शिशाचे जुने खिळे डब्यात ठेवलेत. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, म्हणून मी इंग्रजी आधी उलटं वाचायला शिकले, मग सुलटं. आणि कशासाठी शिकले तेही सांगते.

शाळेच्या शेरेबुकात तीन वर्षांपूर्वीचा इन्स्पेक्टरसाहेबांचा शेरा आहे. इंग्रजीत पूर्ण दोन पानं. त्याखाली तुमच्या हाताने मराठीत चार ओळी : शाळा समाधानकारक, हजेरी बरी, भिंतींना सफेदी हवी. दोन पानांच्या चार ओळी कशा झाल्या, एवढंच मला बघायचं होतं. बुक माझ्याच कपाटात, किल्ली माझ्याच कमरेला.

गेल्या वर्षी बघितलं. साहेबांनी लिहिलंय की या बाईंचं गणिताचं अध्यापन त्यांनी जिल्ह्यात पाहिलेल्या कुणाही पुरुष शिक्षकापेक्षा सरस आहे. त्यांना सरकारी खर्चाने दोन वर्षं राजधानीतल्या ट्रेनिंग कॉलेजात पाठवावं अशी शिफारस आहे. संमती एका महिन्यात कळवावी. त्या महिन्याच्या शेवटी तुम्ही मला म्हणाला होतात, चल. त्याच शहरात. पण कॉलेजाचं नाव काढलं नव्हतंत.

वर्षभर मी हे पोटात ठेवलं. तुम्ही आपण होऊन सांगाल म्हणून थांबले. काल तुम्ही तेच पुन्हा केलंत, या वेळी माझ्यासमोर, भर सभेत.

पुढचं तुम्हाला आठवतच असेल. साहेबांचा आवाज बदलला. त्यांनी विचारलं, दुभाष्याने जाणूनबुजून चुकीचं भाषांतर केलं असं तुमचं म्हणणं आहे का? कारकुनाने लिहिणं थांबवलं. 'हो' म्हटलं असतं तर तुमची नोकरी त्याच बाकावर संपली असती. खरं तर 'हो'च होतं.

मी म्हणाले, "साहेब, हे माझे यजमान आहेत. माझं बोलणं सुधारून सांगायची त्यांना सवय आहे."

केवढं हसले सगळे! साहेब रुमालात तोंड घालून हसले. हेडमास्तर तर बाकावरून घसरायचे राहिले. विषय तिथेच संपला. तुमची नोकरी वाचली.

ते हसणं तुम्हाला 'हो'पेक्षा जास्त लागलं असेल, हे मला घरी येताना कळलं. आधी कळलं असतं तरी तेच म्हटलं असतं का, हे मला ठरवता येत नाही. काल जेवले नाही. आज दोन्ही वेळा जेवले.

याचं उत्तर वन्संबरोबर पाठवू नका. त्या वाटेत उघडतील.

२ एप्रिल

तुमचं पत्र मिळालं. इतक्या वर्षांत खाडाखोड असलेलं तुमचं हे पहिलंच पत्र. तिसऱ्या पानावर एक ओळ तुम्ही इतकी गिरवून खोडलीय की कागद फाटलाय. ती काय होती हे विचारणार नाही. पण तिच्या खालची ओळ तुम्ही ठेवलीत : 'तू कॉलेजातून परत येशील तेव्हा तुला माझी गरज उरणार नाही असं वाटलं.'

मी हे वाचून रागावले. मग वन्संना वाचून दाखवलं. तर म्हणाल्या, "लहानपणीही असाच होता. माझी पाटी लपवायचा. मी त्याच्या पुढे गेले होते ना." वन्संकडे कधी पाटी होती हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हीही नाही. मी विचारलं, मग सापडली का? "कोण शोधतंय," म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

सभेतल्या हशाची गोष्ट कचेरीत पोचली आणि तुम्हाला भाषांतरावरून काढून दप्तरखान्यात बसवलं, हे वाचून वाईट वाटलं. आनंद झाला नाही, एवढं नक्की सांगते.

आता निकाल. कमिशनचा अहवाल छापून यायला वर्ष जाईल. पण अध्यक्षसाहेबांनी जाताना खात्याला काही लिहिलं असावं, कारण गेल्या आठवड्यात हुकूम आला. नवा अभ्यासक्रम मागे घेतलेला नाही. मात्र ज्या मुलींच्या शाळेत ट्रेनिंगचा दाखला असलेला शिक्षक असेल, तिथे वरच्या इयत्तांना गणित आणि भूगोल शिकवायची मुभा आहे. दुसऱ्या कागदात मला कॉलेजात जागा दिली आहे, जूनपासून दोन वर्षं.

बघा कसं बांधून ठेवलंय. माझ्याकडे दाखला नाही, म्हणून जूनपासून मी गणित शिकवू शकत नाही. दाखला आणायला गेले तर दोन वर्षं शाळेत कुणीच नाही. हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही जिंकलात आणि शाळा हरली." तीन दिवस मला ते पटलं. शेरेबुक बाहेर काढत होते, आत ठेवत होते. एकदा नकाराचं पत्रही लिहून झालं.

मग लक्षात आलं, दाखला असलेला एक माणूस मला माहीत आहे. सध्या तो दप्तरखान्यात जुन्या फायलींवरची धूळ झटकतोय. ही शाळा त्यानेच सुरू केली. त्याचे अपूर्णांक उत्तम आहेत. मी त्याच्याकडूनच शिकले.

तुम्ही लिहिलंय, कॉलेजात ये, माझ्या खोलीवर राहा. नाही. मी कॉलेजच्या वसतिगृहात राहीन. तुम्ही बदली मागून इथे या आणि शाळा चालवा. दोन वर्षं. हे मी रागाने मागत नाही. शिक्षा म्हणूनही मागत नाही. मुलींना शिक्षा झालेला मास्तर नको. येणार असाल तर चांगले मास्तर होऊन या, जसे होतात तसे.

तुम्ही येणार नसाल तर मी जाणार नाही. पण मग माझ्याशी बोलू नका.

१७ जुलै

हे पत्र वसतिगृहातून. खोलीत चौघी. बाकीच्या तिघी सतरा-अठराच्या. मला आधी मावशी म्हणायच्या, पहिल्या महिन्याच्या परीक्षेत पहिला नंबर आला तेव्हापासून बाई म्हणतात. पहिल्या आठवड्यात भूमितीच्या मास्तरांनी सगळ्यांदेखत विचारलं की या वयात कशाला आलात. मी वहीत आकृती काढत राहिले. जेवणघरात माझी जागा खिडकीशी आहे, तिथून तुमची जुनी कचेरी दिसते. पहिले काही दिवस मी तिच्याकडे पाठ करून बसत होते.

तुमचा मजकूर वाचला. तुम्ही स्वतः गवंड्याच्या कामावर गेलात, आणि तो खाली उतरेना म्हणून परांचीवर चढून त्याच्याशी बोललात! वन्संनी वेगळ्या पत्रात लिहिलंय की तुम्ही वर चढलात ते ठीक, पण उतरवायला दोन माणसं लागली. शंकाबाई परत आली, वरची इयत्ता आता पुन्हा पाच मुलींची झाली, हे मी इथल्या मुलींना वाचून दाखवलं. का दाखवलं ठाऊक नाही.

तुम्ही लिहिता की ती तुम्हाला भर वर्गात चुका दाखवते आणि कानशिलं तापतात. तापू द्या.

वन्सं दुपारच्या सुट्टीनंतर माळ्यावर येऊन मागच्या बाकावर बसतात, हे तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंय. त्या गुडघ्यांनिशी तो जिना? पाटी घेऊन बसतात की नुसत्याच? नीट लिहा. मला हे सगळं तपशीलवार हवं आहे.

राग गेला का, असं तुम्ही विचारलंय. नाही गेला. दिवसातून बराच वेळ तो नसतो, एवढं खरं. भूमिती करताना नसतो. तुमचं पत्र आलं की येतो, वाचून झालं की कमी होतो, आणि पुढचं यायला उशीर झाला तर पुन्हा येतो, वेगळ्या कारणाने.

ऑक्टोबरात तीन आठवड्यांची सुट्टी आहे. गाडी सकाळची. मी घरी येतेय. आल्यावर कुठे राहायचं, कसं राहायचं, ते समोरासमोर बोलू. पत्रांतून खूप झालं. वन्संना मात्र आधी काही सांगू नका. त्या गाद्या उन्हात घालतील, दोन शेजारी शेजारी, आणि मग मला नाही म्हणता येणार नाही.